बोथट लोखंड आणि धार : एका जुन्या रंध्याचा पाठ

वाचन : १ शमुवेल १३:१९-२२, निर्गम ३५:३०-३५, उपदेशक १०:१०



"आमच्या माळ्यावर वडिलांची सुतारकामाची पेटी पडून आहे. हत्यारे गंजली आहेत. तुमच्या काही उपयोगाची आहेत का?" हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. मी सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, पावरा आणि भिल्ल तरुणांना सुतारकाम शिकवतो, म्हणून तो प्रश्न शेवटी माझ्याकडे येतो. "हो, पाठवा" एवढे उत्तर पुरले असते. पण त्या गंजलेल्या हत्याराचे पुढे काय होते, ते कोण करतो आणि आम्ही ते तसेच का करतो, हे आपणांस कळले तर आपली देणगी आणि आपली प्रार्थना दोन्ही अधिक नेमक्या होतील. म्हणून या तिमाहीचा पाठ एका जुन्या लोखंडी रंध्यावर.

शास्त्रभाग काय सांगतो

शौल राजाच्या काळात सर्व इस्राएल देशात एकही लोहार नव्हता. इब्र्यांनी तलवारी आणि भाले घडवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी ती व्यवस्थाच करून ठेवली होती. पण लोहार नाही म्हणजे फक्त तलवार नाही, असे होत नाही. नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड, विळा यांना धार लावायची तरी इस्राएली शेतकऱ्याला डोंगर उतरून पलिष्ट्यांकडेच जावे लागे. हत्यारे त्याची, शेत त्याचे, घाम त्याचा. धार मात्र दुसऱ्याच्या हातात.

त्याचा दरही एकविसाव्या वचनात आहे. मूळ इब्री भाषेत तिथे 'पीम' असा शब्द येतो. तो शास्त्रात इतरत्र कुठेही नसल्यामुळे त्याचा अर्थ शेकडो वर्षे कोणाला नीट लागत नव्हता. जुन्या इंग्रजी भाषांतरात तर तिथे 'कानस' असा शब्द घातलेला आहे. विसाव्या शतकात पॅलेस्टाईनमध्ये उत्खननात दगडाची छोटी वजने सापडली. त्यांच्यावर हाच शब्द कोरलेला होता आणि ती साडेसात ते आठ ग्रॅमच्या आसपास भरली, म्हणजे सुमारे दोनतृतीयांश शेकेल. तेव्हा उलगडा झाला, की 'पीम' म्हणजे धार लावण्याची मजुरी. एक फाळ पाजळून घ्यायचा, तर इतकी चांदी मोजायची. लढाईच्या दिवशी शौल आणि योनाथान सोडले तर कोणाजवळ तलवार किंवा भाला नव्हता. ही दुर्बलता त्या दिवशी आली नव्हती. वर्षानुवर्षे धारेसाठी डोंगर उतरता उतरता ती आली होती.

दुसरा भाग निर्गमातला. बसालेलला देवाने लाकूड, धातू आणि दगड यांत काम करण्याचे कौशल्य दिले, हे आपण नेहमी ऐकतो. पण चौतिसाव्या वचनाकडे आपले लक्ष कमी जाते. देवाने त्याच्या आणि अहलियाबाच्या मनात इतरांना शिकवण्याचीही बुद्धी घातली. म्हणजे कारागिराला मिळालेल्या दानात शिकवणे हा दानाचाच भाग आहे, नंतर वेळ मिळाला तर करायचे काम नव्हे.

तिसरे वचन उपदेशकातले. लोखंड बोथट असून त्याची धार घासली नाही, तर अधिक जोर लावावा लागतो, हे तिथे सांगितले आहे. आमच्या शेडमध्ये हे वचन रोज खरे ठरते. नवा मुलगा रंधा मारताना घामाघूम होतो, तेव्हा त्याला ताकद कमी पडत नसते, पात्याला धार कमी पडत असते.

ही तीन वचने मनात ठेवून आता रंध्याकडे येऊ.

रंधा आणि येशूचा व्यवसाय

रंधा हे फार जुने हत्यार आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत रंधे सापडले आहेत. म्हणजे आपल्या प्रभूच्या काळी रोमी जगात हे हत्यार माहीत होते. नासरेथच्या त्या घरात ते होते की नाही, हे शास्त्र सांगत नाही. मार्क ६:३ मध्ये प्रभूला ज्या शब्दाने सुतार म्हटले आहे तो ग्रीक शब्द 'टेक्टॉन'. घर बांधणारा, लाकूड घडवणारा असा त्याचा विस्तृत अर्थ आहे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे, की येशू नांगर आणि जू बनवीत असे. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात, कारण नांगराची हाळस आणि जू त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बापाने आणि आज्याने घरीच घडवलेले असते. कुऱ्हाड आणि वाकस एवढ्यावर ही माणसे जे काम करतात ते पाहून शहरातला सुतार तोंडात बोट घालील. आम्ही कोणाच्या रिकाम्या हातात कला घालत नाही. हात आधीच शिकलेले आहेत, फक्त त्यांना दाराची चौकट, खिडकी, खाट आणि टेबल यांच्यासाठी लागणारी काटकोनाची आणि सपाटीची सवय करून द्यायची असते. ती सवय रंधा लावतो.

आपल्याकडे जुना रंधा लाकडाचा. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा ठोकळा, त्यात तिरपी खाच, खाचेत पाते, आणि पाते घट्ट धरायला पाचर. आजच्या लोखंडी रंध्याची रचना ही अमेरिकेतल्या लेनर्ड बेली याची देणगी. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जी रचना बसवली तीच पुढे स्टॅन्ले कंपनीने घेतली आणि जगभर नेली. इंग्लंडमधल्या शेफील्डहून स्टॅन्ले आणि रेकॉर्ड या नावांचे रंधे भारतात पुष्कळ आले. आपल्या माळ्यावरच्या पेटीत लोखंडी रंधा असेल, तर तो बहुधा याच घराण्यातला. सर्वांत जास्त सापडतात दोन प्रकार : चार नंबरचा, सुमारे साडेनऊ इंच लांब, सफाईसाठी, आणि पाच नंबरचा, चौदा इंच लांब, ज्याला आपण जॅक रंधा म्हणतो.

असा एक चार नंबरचा रंधा मागच्या पावसाळ्याआधी मुंबईहून एका कुटुंबाच्या पेटीतून आला. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. ते गेल्यावर तीसेक वर्षे पेटी कोणी उघडली नव्हती. तळावर तांबडा गंज, मागची मूठ दुभंगलेली, पाते जागच्या जागी अडकलेले. तो आम्ही दुरुस्त करून कोणाला दिला नाही. वर्गातल्या एका तरुणासमोर ठेवला आणि म्हटले, "हा तुझा. पण आधी तू याला उभा कर." ज्याला रंधा हवा त्याने तो स्वतः उभा करायचा, हा आमच्याकडचा नियम आहे. त्याला लागलेल्या चार दिवसांतले काम खाली क्रमाने देतो.

पहिली पायरी : पारख

गंज पाहून घाबरू नये आणि चकाकी पाहून भुलू नये. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, तळाला जिथून पाते बाहेर येते त्या तोंडाच्या कोपऱ्यांत तडा आहे का. ओतीव लोखंड पडले की तिथेच तडकते. तडा असला तर त्या रंध्याचे सुटे भाग काढून ठेवावेत, अंग बाजूला करावे. दोन, पाते किती उरले आहे. पात्याला लांब उभी खाच असते. धार झिजत झिजत त्या खाचेपर्यंत येऊ लागली असेल तर आयुष्य संपत आले. तीन, पात्याच्या सपाट बाजूला अगदी धारेजवळ गंजाचे खोल खड्डे आहेत का. वरवरचा गंज घासून जातो, पण खड्डा धारेपर्यंत आला की तिथे धार तुटकीच राहते आणि लाकडावर रेघ उमटते. खड्ड्यांच्या मागे नेईपर्यंत पाते घासावे लागते, म्हणून पाते पुरेसे लांब असणे महत्त्वाचे.

या रंध्यात तडा नव्हता आणि पाते भरपूर होते. खड्डे होते, पण धारेपासून दोन सूत मागे. म्हणजे काम होण्यासारखे होते.

दुसरी पायरी : सोडवणे

अडकलेल्या स्क्रूंवर रॉकेल किंवा डिझेलचे थेंब टाकून रात्रभर ठेवावे. घाईने पान्याचा जोर लावला की स्क्रूची खाच खराब होते. मग वरची दाबपट्टी उचलायची, पाते आणि त्यावर बसवलेली टोपीपट्टी बाहेर काढायची, पाते ज्यावर टेकते ती तिरपी बैठक सोडवायची, दोन्ही लाकडी मुठी काढायच्या. निघालेला प्रत्येक स्क्रू ताटलीत ठेवायचा. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण या रंध्यांच्या काही स्क्रूंचे आटे निराळ्या मापाचे असतात. एक हरवला तर तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात त्याचा जोडीदार मिळत नाही.

तिसरी पायरी : गंज

एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व विरघळवावे. ते किराणा दुकानात मिळते. लोखंडी भाग त्यात काही तास बुडवावेत आणि मधून मधून तारेच्या ब्रशने घासावेत. रात्रंदिवस बुडवून ठेवू नये, आम्ल गंजानंतर चांगल्या लोखंडालाही खाते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, लगेच फडक्याने पुसून उन्हात किंवा चुलीजवळ पूर्ण वाळवावे आणि शिलाई मशीनचे तेल चोळावे. ओले राहिले तर तासाभरात नवा तांबूस थर दिसू लागतो. पितळी चाकाला चिंच आणि मीठ पुरते. हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही, घरची भांडी त्यांनी घासलेली असतात.

चौथी पायरी : तळ सपाट करणे

रंध्याचा तळ वाकडा असेल तर लाकूड सरळ होणार नाही. मापणाऱ्याची पट्टीच वाकडी, तर मापाचे काय? जाड काचेचा तुकडा सपाट फळीवर ठेवून त्यावर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवतो. रंधा सगळा परत जोडून, पाते मात्र तोंडाच्या आत ओढून घेऊन मग तळ घासायचा. जोडलेला असावा, कारण दाबपट्टीच्या ताणाने अंगाला किंचित बाक येतो आणि आपल्याला कामाच्या वेळचा तळ सपाट हवा आहे.

घासण्याआधी तळावर पेन्सिलने आडव्या रेघा माराव्यात. आठ-दहा फेऱ्या झाल्यावर उलटून पाहावे. जिथल्या रेघा गेल्या तो भाग उंच, जिथल्या राहिल्या तो खोल. सगळा तळ आरशासारखा करण्याच्या नादी लागू नये. पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढचा भाग आणि मागचे टोक एका पातळीत आले की काम झाले. मधला एखादा खोलगट डाग राहिला तरी चालतो. नंतर १२० आणि २२० नंबरच्या पेपरवर थोडे फिरवावे, म्हणजे तळ लाकडावर हलका सरकतो.

पाचवी पायरी : धार

आता या पाठाच्या मुख्य ठिकाणी आलो. एक दिवस गेला तरी इथे घाई करायची नाही.

धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे भेटतात ती रेघ. एक बाजू बिघडलेली असेल तर दुसरी कितीही घासली तरी रेघ तयार होत नाही. म्हणून आधी पात्याची मागची सपाट बाजू घ्यायची. सगळी नको, धारेजवळची साधारण एक इंच पुरे. काचेवरच्या पेपरवर आणि नंतर दगडावर ती इतकी घासायची, की धारेपर्यंत सारखी चमक आली पाहिजे. धारेजवळ काळपट पट्टा राहिला असेल, तर अजून दगड तिथे टेकलेला नाही.

मग उतार. सर्वसाधारण कामाला २५ अंशांचा उतार घासून घेतात आणि अगदी टोकाला ३० अंशांची धार देतात. आमच्याकडे कोन मोजण्याचे यंत्र नाही, पण माप आहे. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंशांचा असतो, हे गणित दहावी नापास मुलालाही पटते. या रंध्याचे पाते सुमारे दोन मिलिमीटर जाड. म्हणून उतार साडेचार ते पाच मिलिमीटर लांब ठेवला, की २५ अंशांच्या जवळ येतो. मग टोकाला धार देताना पाते केसभर उचलायचे.

दगड दोन तोंडांचा कार्बोरंडमचा, एक बाजू भरड, एक बारीक. पाते दोन्ही हातांनी धरून उतार पूर्ण टेकवायचा आणि मनगट न हलवता पुढे-मागे न्यायचे. दगडाची पूर्ण रुंदी वापरायची, नाही तर मध्ये खळगा पडतो. किती घासायचे? मागच्या बाजूला बोट धारेकडे हलकेच ओढून पाहायचे. लोखंडाची अगदी बारीक कोर उठलेली हाताला खरखरीत लागते. ती धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली, तरच भरड दगडाचे काम संपले. मग बारीक दगड, मग मागची बाजू दगडावर पूर्ण टेकवून दोन-तीन हलके हात, मग पुन्हा उतार, असे करत ती कोर झडून जाते. शेवटी न्हाव्याच्या पट्ट्यासारख्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-वीस वेळा पाते मागे ओढायचे. कधीही पुढे ढकलायचे नाही, चामडे कापले जाते.

विजेच्या सरणावर धार लावावी का, असे मुले विचारतात. पात्याचे टोक फार झिजले असेल तर सुरुवातीला चालते, पण दर दोन-तीन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवावे लागते. लोखंडाचा रंग निळा झाला, की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. मग तिथे धार लागते, पण टिकत नाही. हाच तरुण पूर्वी मामाच्या रंध्याचे पाते बाजाराच्या दिवशी धारेला देत असे. जीपचे भाडे, धारेचे पैसे आणि एक दिवस मोडायचा, आणि परत आलेल्या पात्याचे टोक निळे असायचे. चार दिवसांत पुन्हा बोथट, पुन्हा डोंगर उतरायचा. १ शमुवेलाचा तेरावा अध्याय आम्ही वाचला त्या दिवशी तो म्हणाला, "मास्तर, हे तर आमचंच लिहिलंय."

सहावी पायरी : जोडणी

पात्यावर बसणारी टोपीपट्टी पुष्कळांना निरुपयोगी वाटते, पण रंधा तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा तीच असते. तिची कड आणि पाते यांच्यात फट राहिली, तर लाकडाची सालपटे त्या फटीत घुसतात आणि तोंड भरते. दोन्ही एकत्र धरून उजेडाकडे पाहावे. उजेड दिसला तर टोपीपट्टीची कड दगडावर सपाट करावी. जाड कामाला ती धारेपासून दीड मिलिमीटर मागे आणि सफाईच्या कामाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही जवळ बसवावी. जवळ बसवली, की ती सालपट लगेच मोडते आणि उलट्या रेषेच्या लाकडात खपल्या निघत नाहीत.

दुभंगलेली मूठ फेविकॉल लावून दोरीने आवळून एक दिवस ठेवली. वर जवसाचे तेल चोळले. इथे एक इशारा : जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

जोडल्यावर पाते पूर्ण आत घेऊन, चाक फिरवत हळूहळू बाहेर आणायचे आणि बाजूच्या दांडीने दोन्ही कडा सारख्या करायच्या. मग फळीवर हात मारायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी या रंध्याने जुन्या चौकटीच्या सागवानावरून पहिले अखंड सालपट काढले. त्यातून पलीकडचे दिसत होते. आतल्या लाकडाचा वास चाळीस वर्षांनीही ताजा होता.

लाकूड कुठून, हेही सांगायला हवे. जंगलातले लाकूड आम्ही तोडून आणत नाही. मोडलेल्या घरांच्या चौकटी, डेपोतून पावतीने घेतलेले लाकूड आणि कोणाच्या शेतातला परवानगीने काढलेला आंबा किंवा बाभूळ, एवढ्यावर वर्ग चालतो. जुन्या चौकटीत खिळे लपलेले असतात. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून ते शोधणे हा वर्गाचा पहिला धडा.

हे सारे कशासाठी

पावसाळा सरला, की नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती अनेकदा लग्नासाठी, आजारासाठी किंवा पावसाळ्यातल्या धान्यासाठी असते. हंगाम संपला तरी ती फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावेच लागते. मुलांची शाळा त्या पाच-सहा महिन्यांत सुटते. कोयता मजुराचा, घाम मजुराचा, हिशोबाची वही मात्र दुसऱ्याच्या हातात. शौलाच्या काळातल्या शेतकऱ्याची आठवण यावी, असेच हे आहे.

एका रंध्याने हे सगळे मिटेल असे मी म्हणणार नाही. पण गावोगाव घरकुले होत आहेत आणि प्रत्येक घरकुलाला दार आणि खिडकी लागते. ते काम तालुक्यातून माणूस येऊन करतो. ज्या तरुणाबद्दल मी लिहिले त्याने गेल्या हंगामात आपल्याच पाड्यावर तीन घरांची दारे केली. त्याने उचल घेतली नाही. बायको आणि मुलगी घरीच राहिली आणि मुलगी वर्षभर शाळेत गेली. त्याचे दोन भाऊ मात्र ऊसतोडीला गेले. पुढच्या हंगामाचे त्याचे काम ठरलेले नाही. जे आहे ते असे आहे.

पण एक गोष्ट नक्की झाली. पाते बोथट झाले म्हणून तो आता डोंगर उतरत नाही. आणि तो आता धाकट्या चुलतभावाला दगडावर पाते धरायला शिकवतो आहे. बसालेल आणि अहलियाब यांचे दान असे पुढे जाते.

म्हणूनच आपण पाठवलेला रंधा आम्ही चकचकीत करून वाटत नाही. नवी हत्यारपेटी वाटली, तर फोटो चांगला येतो. सहा महिन्यांनी मात्र पेटीतली हत्यारे बोथट होऊन कोपऱ्यात पडतात. दान घेणारा पुन्हा हात पसरतो आणि देणारा म्हणतो, "यांना दिलेले टिकत नाही." टिकत नाही, कारण हत्यार दिले आणि धार आपल्याकडेच ठेवली. आपल्या मदतीला हीच कसोटी लावावी : आपण गेल्यावर धार कोण लावणार?

आपण काय पाठवू शकता

रंधा, पटाशी, करवत, गुण्या, कानस, गिरमिट : गंजलेली असली तरी चालतील. पाठवण्याआधी घासू नका, घासण्यात एखादा भाग हरवतो. स्क्रू आणि सुटे तुकडे एका पिशवीत बांधून हत्याराबरोबरच ठेवा. पात्याच्या धारेला पुठ्ठा बांधा. आणि हत्यार कोणाचे होते, ते कुठे काम करीत, एवढ्या दोन ओळी चिठ्ठीवर लिहा. मुले ती चिठ्ठी जपून ठेवतात. हत्यारांपेक्षाही आम्हांला जास्त कमी पडतात ते धारेचे दगड. प्रत्येक विद्यार्थ्याला घरी नेण्यासाठी एक दोन तोंडांचा दगड द्यावा, अशी इच्छा आहे.

आपल्या मंडळीत निवृत्त सुतार, फिटर किंवा आयटीआयचे शिक्षक असतील, तर त्यांनी एक आठवडा येऊन शिकवावे. राहण्याची सोय साधी आहे, पण आहे.

अभ्यासगटासाठी प्रश्न

१. पलिष्ट्यांनी इस्राएलाची हत्यारे काढून घेतली नाहीत, फक्त धार आपल्या हाती ठेवली. आज आपल्या आसपास अशी व्यवस्था कोणत्या रूपात दिसते?

२. निर्गम ३५:३४ प्रमाणे शिकवणे हाही दानाचा भाग आहे. आपल्याला येणारे कोणते काम आपण अजून कोणालाही शिकवलेले नाही?

३. उपदेशक १०:१० वाचा. आपल्या मंडळीच्या सेवेत कुठे आपण धार लावण्याऐवजी नुसता जोर लावतो आहोत?

४. मागच्या वर्षी आपण केलेली एक मदत आठवा. ती घेणारा आज आपल्यावर जास्त अवलंबून आहे की कमी?

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी, विशेषतः वाटेवर आणि फडात राहणाऱ्या लहान मुलांसाठी. वर्ग पूर्ण करून आपल्या पाड्यावर काम शोधणाऱ्या तरुणांसाठी. ज्यांची हत्यारे आम्हांला मिळाली त्या जुन्या कारागिरांच्या कुटुंबांसाठी. आणि आम्हां शिकवणाऱ्यांसाठी, की आम्ही धार आपल्याकडे राखून ठेवू नये.